दत्तक लेकीसोबत 'स्टुअर्ट लिटल' पाहिला, आणि ती त्या कापलेल्या फोटोपाशी अडकली

नाशिकची_आई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल.

आमची लेक साडेसात वर्षांची आहे. घरी तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच म्हणते. चौदा महिन्यांची असताना ती आमच्याकडे आली. दत्तक हा शब्द तिला कळायला लागल्यापासून माहीत आहे. ती घरी आली त्या तारखेला दर वर्षी शेवयांची खीर होते, कारण त्या दिवशी संस्थेतून निघताना तिथल्या मावशींनी तिला खीर भरवली होती आणि तिच्या झबल्यावर सांडली होती. तो डाग धुऊनही गेला नाही. ते झबलं जपून ठेवलंय, आणि खिरीच्या दिवशी ती ते मागून घेऊन बघते.

मागच्या शनिवारी पावसामुळे खाली खेळायला जाता येईना, म्हणून मी 'स्टुअर्ट लिटल' लावला. १९९९ चा आहे. मी कधीतरी पाहिला होता आणि एवढंच आठवत होतं, की न्यूयॉर्कमधलं एक माणसांचं कुटुंब अनाथाश्रमातून एका एवढ्याशा उंदराला दत्तक घेतं. मला वाटलं, तिचीच गोष्ट, आवडेल. सिनेमा इंग्रजी, ती मराठी शाळेत, म्हणून शेजारी बसून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

सुरुवात तिला फार आवडली. स्टुअर्टला भेटायला सगळे काका-आत्या येतात आणि एवढ्याशा उंदराला सायकल काय, बोलिंगचा चेंडू काय, असल्या भेटी देतात, तिथे ती पोट धरून हसली. मग त्याच कार्यक्रमात त्या घरचा मुलगा जॉर्ज ओरडतो, की हा माझा भाऊ नाही, हा उंदीर आहे. चिऊने माझा हात धरला तो नंतर सोडलाच नाही.

पुढे स्टुअर्ट सांगतो, की सगळं चांगलं आहे पण आत कुठेतरी रिकामं वाटतं. मग एक उंदीर जोडपं येतं, आम्हीच तुझे खरे आईबाबा म्हणतं, आणि लिटल आईबाबा रडत रडत त्याला त्यांच्याबरोबर पाठवतात. ते जोडपं खोटं असतं, घरातल्या मांजराने, स्नोबेलने, बोक्यांच्या टोळीला सांगून आणवलेलं. नंतर अनाथाश्रमाच्या बाई येऊन सांगतात, की त्याचे खरे आईवडील कधीच वारले, दुकानात सूपच्या डब्यांची रास अंगावर कोसळून. हे वाक्य मला गाळता आलं असतं. मीच तर भाषांतर करत होते. पण तिच्यापाशी काही लपवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून सांगून टाकलं.

आणि मग तो फोटो. स्टुअर्ट जीव मुठीत धरून घरी परत येतो तेव्हा घरात कुणी नसतं. स्नोबेल त्याला सांगतो, की तू गेल्यावर सगळे मजेत आहेत, आणि पुरावा म्हणून घरातला फोटो दाखवतो. त्यात सगळे आहेत, फक्त स्टुअर्टचा चेहरा कापलेला. खरं म्हणजे तो चेहरा त्यांनी 'हरवला आहे'च्या जाहिरातीसाठी कापलेला असतो आणि त्या वेळी ते सगळे त्याला शोधत शहरभर फिरत असतात. पण स्टुअर्टला हे माहीत नसतं. तो निघून जातो.

शेवट गोड आहे. पण चिऊ शेवटापर्यंत आलीच नाही. म्हणजे माझ्या शेजारी बसली होती, पण मनाने तिथेच होती. रात्री झोपताना तिने तीन गोष्टी विचारल्या.

"माझी पहिली आईपण डब्यांखाली गेली का?"

"ते खोटे आईबाबा आपल्याकडे आले तर तू मला देशील? त्यांनी दिलं ना."

आणि तिसरं विचारलं नाही. उठली, कपाटातून तिचा अल्बम आणला, पहिलं पान उघडलं. तिच्या अल्बमचं पहिलं पान म्हणजे संस्थेच्या ऑफिसातला आमचा तिघांचा फोटो. चौदा महिन्यांच्या आधीचा तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या पानाच्या अलीकडे, पुठ्ठ्यावर, तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझा इथला कुणी कापला?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर दिलं. तुझ्या पहिल्या आईबद्दल आम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं तुला सांगितलंय, डब्यांचं त्यात काही नाही. आणि तुला कुणालाही देणार नाही, कधीच नाही. तिसऱ्याला मला काही बोलताच आलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि ती तशीच झोपली.

दोन प्रश्न आहेत. सिनेमा दाखवला ही चूक झाली का? आणि दत्तक मुलाचा असा एखादा सिनेमा आहे का, ज्यात त्याचं आधीचं आयुष्य खोटं किंवा मेलेलं नसतं? सगळीकडे नव्या घरी पोचलं की गोष्ट संपते. माझी लेक घरी कधीच पोचलीय. तिला त्याच्या अलीकडचं हवंय.

नागपूरचा_बाबा

ताई, सिनेमा दाखवला ते बरंच केलं. प्रश्न पोटात होतेच, ते बाहेर आले एवढंच.

आमचा मुलगा बारा वर्षांचा, पावणेदोन वर्षांचा असताना आला. आम्ही हाच सिनेमा तो आठ वर्षांचा असताना पाहिला. तो तुमच्या लेकीसारखा फोटोपाशी नाही थांबला, त्या भेटींपाशी थांबला. म्हणे, बाबा, एवढ्या लोकांपैकी एकानेही त्याच्याकडे बघून वस्तू आणली नाही. मला माझ्या बहिणीने त्याला पहिल्या दिवाळीला आणलेले बूट आठवले, तीन नंबर मोठे. मोठा झाल्यावर होतील म्हणून.

एक सांगतो, मूळ पुस्तक १९४५ चं आहे आणि त्यात स्टुअर्ट लिटल बाईंच्याच पोटी जन्मतो. अनाथाश्रम, दत्तक, ते खोटे आईबाप, सगळं सिनेमावाल्यांनी घातलं. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग त्यांना खरे आईबाप पण नीट घालता आले असते.

'मला देशील का'चं उत्तर आमच्याकडे कागदाने दिलं गेलं. तो सारखं विचारून राहिला होता, म्हणून एका रविवारी दत्तकाचा आदेश काढला. आमच्या वेळी तो न्यायालयाचा असायचा. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. तुमचाही न्यायालयाचाच असेल. न्यायाधीशांची सही, गोल शिक्का, त्याचं नाव, आमची नावं. त्याला म्हटलं, हे बघ, सिनेमात असा कागद कुणी विचारलाच नाही. दोन अनोळखी उंदीर दारात आले आणि त्यांनी पोरगं देऊन टाकलं. आपल्याकडे असं होत नाही. कायद्याने तू आमच्या पोटी जन्मलेल्या मुलासारखाच आहेस, हे कुणी येऊन बदलू शकत नाही. त्याने त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, याची झेरॉक्स माझ्या कप्प्यात ठेवू? अजून आहे.

प्रेमाचं आश्वासन आपण रोज देतो. पण या वयाच्या लेकराला शिक्काही लागतो, असा माझा अनुभव आहे.

पेठेतली_आजी

मी थोडं वेगळं म्हणते, राग मानू नका. साडेसात म्हणजे अजून लहान आहे पोर. तिने विचारलं तेवढंच सांगावं. सिनेमा मात्र न विचारलेलंही सांगतो, आणि मोठ्या आवाजात सांगतो.

माझ्या लहानपणी गणेशोत्सवात चौकात पडदा लावून 'बूट पॉलिश' दाखवला होता. १९५४ चा सिनेमा, आम्ही पुष्कळ वर्षांनी पाहिला. भोला आणि बेलू, दोघं अनाथ भावंडं. बेलूला श्रीमंत घर मिळतं आणि भोला मागे राहतो. शेवटी दोघं भेटतात, पण तोपर्यंत मला धीर कुठला? मी बहिणीची वेणी धरून रडत होते, आणि पुढे कितीतरी दिवस आई स्वयंपाकघरात गेली तरी मागोमाग जायची. माझ्या घरी आई, बाबा, तीन भावंडं, सगळे होते. तरी ही गत. मग तुमच्या लेकीचं काय होत असेल?

मला तुमची काळजी कळते. लपवा असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्याच नात्यातल्या एका मुलाला तो दत्तक असल्याचं लग्न ठरताना बाहेरच्या माणसाकडून कळलं. त्यानंतर तो वर्षभर आईशी बोलला नाही. सांगायलाच हवं. पण तुमच्या तोंडून, मांडीवर घेऊन. पडद्यावरून नको.

मीही_दत्तक

मी ३१ वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना कोल्हापूरच्या घरात आले. नाव लिहीत नाही.

ताई, तुमच्या लेकीने पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला. मीही हेच करायचे. आमच्या अल्बमचं पहिलं पान गुलाबी कागदाचं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. मला वाटायचं, तिथे काहीतरी होतं आणि ते काढून टाकलंय. कुणी काढलं, याची माझ्याकडे यादी होती. कधी आजी, कधी संस्थेतल्या बाई. आईचं नाव त्या यादीत कधी घातलं नाही, पण तिला विचारलंही नाही. तुमची लेक विचारते. हे किती मोठं आहे ते तुम्हाला आत बसून कदाचित दिसत नसेल.

बावीस वर्षांची असताना आईबाबांबरोबर संस्थेत गेले. फाइलमध्ये एक फोटो होता. पाटीवर खडूने नंबर, पाटीच्या मागे मी, डोळे मिटलेले. चांगला फोटो नाही. पण मी होते. घर मिळण्याआधीही मी होते, कुणीतरी मला त्या पाटीमागे सरळ बसवलं होतं, पडू नये म्हणून एक हात दंडाला धरलेला दिसतो. फक्त हात. हिरव्या बांगड्या. मला त्या फोटोत माझ्यापेक्षा तो हात जास्त आवडतो.

आजींचं म्हणणं मला पटत नाही, आदराने सांगते. मांडीवरून सांगितलेली गोष्ट आईची असते. सिनेमातल्या मुलाबद्दल बोलताना मी स्वतःबद्दल बोलू शकायचे आणि आईला वाईट वाटेल याची भीती नसायची. 'स्टुअर्टला रिकामं वाटतं' असं म्हणता येतं. 'मला रिकामं वाटतं' असं आईच्या तोंडावर म्हणणं फार कठीण आहे.

सिनेमाचं विचारलंत ना? 'पॅडिंग्टन' दाखवा, आणि त्याहून त्याचा दुसरा भाग, २०१७ चा. पेरूच्या जंगलातलं अस्वलाचं पिल्लू लंडनच्या ब्राऊन कुटुंबात राहतं. पण त्याला आधी वाढवणारी अस्वलमावशी लूसी जिवंत असते, लिमाच्या म्हाताऱ्या अस्वलांच्या घरात. तो तिला पत्रं लिहितो. ब्राऊन आईला त्याचा त्रास होत नाही. दुसऱ्या भागाची सगळी धडपडच मुळी लूसीमावशीच्या वाढदिवसाला लंडनचं एक पुस्तक, पान उघडलं की चित्रं उभी राहतात असलं, घेण्यासाठी आहे. सुरुवातीलाच दिसतं, की लूसीनेही त्याला नदीतून वाचवून सांभाळलेलं असतं. आणि शेवट सांगत नाही, पण दारावरची बेल वाजते तेव्हा तुम्ही शेजारी असा. मावशी हा शब्द आपल्याकडच्या संस्थांमध्ये कुणासाठी वापरतात, ते तुमच्या लेकीला आधीच माहीत आहे.

'लायन' कुणी सुचवेल, म्हणून आधीच लिहिते: आत्ता नको. २०१६ चा आहे, आणि खऱ्या माणसाची गोष्ट. खांडव्याचा पाच वर्षांचा सरू बऱ्हाणपूरला भावाची वाट बघताना रिकाम्या गाडीत झोपतो आणि थेट कलकत्त्याला पोचतो. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या भुसावळपासून फार लांब नाही, मी त्या स्टेशनवरून कितीदा गेलेय. पुढे तो टास्मानियातल्या घरी दत्तक जातो आणि पंचवीस वर्षांनी गूगल अर्थवर रेल्वेचे रूळ धुंडाळत घर शोधतो. लहानपणीचा सरू झालेला सनी पवार मुंबईचा पोरगा, त्याचे डोळे अजून आठवतात. एका पार्टीत जिलबी बघून त्याला सगळं आठवतं, तिथे मी थिएटरातून उठून बाहेर गेले. मला जिलबीसारखं काही आठवत नाही, म्हणून गेले. परत आत येऊन पूर्ण पाहिला. फार चांगला सिनेमा आहे. ती पंधरा-सोळा वर्षांची झाली की दोघी मिळून बघा.

नाशिकची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, राग अजिबात नाही. तुमचं 'तुमच्या तोंडून' मी मनात ठेवलंय.

मीही_दत्तक, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला, मग नवऱ्याला वाचून दाखवला. हिरव्या बांगड्यांपाशी तो उठून गॅलरीत गेला. तुम्ही इथे लिहिलंत त्यासाठी कसे आभार मानू कळत नाही.

नागपूरच्या बाबांनी सांगितलं तसं काल आदेश काढून दाखवला. तिने नावं वाचली, मग म्हणाली, "शिक्का निळा का आहे?" आणि खेळायला गेली. पण आज सकाळी दप्तरात काहीतरी घालत होती. बघितलं, तर तिने स्वतः काढलेला गोल शिक्का, निळ्या स्केचपेनने.

फोटोचं अजून तसंच आहे. आम्हाला संस्थेने तिचा अहवाल दिला होता, त्यात वजन, लसी, कुठल्या महिन्यात बसायला लागली, हे सगळं आहे. फोटो मागायचं आम्हाला तेव्हा सुचलंच नाही. आम्हाला ती हवी होती, आम्ही तिला घेऊन आलो. मागे काय राहिलं याच्याकडे पाहिलं नाही, हे आता लागतं.

निवृत्त_ताई

मी एका दत्तक संस्थेत सव्वीस वर्षं समाजसेविका होते. तुमच्या शेवटच्या दोन ओळी मी आईबाबांकडून अनेकदा ऐकल्यात. मनाला लावून घेऊ नका, पण आता उशीरही करू नका. आजच संस्थेला पत्र लिहा.

तुम्हाला मिळाला तो बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. मूळ फाइल संस्थेकडे असते. तिच्यात बहुतेक वेळा फोटो असतात, कारण कार्यालयीन कामासाठीच ते काढावे लागतात. शिवाय मावश्यांच्या मोबाईलमध्ये असतात. बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे. फाइलपेक्षा ते सुंदर असतात. तिला कोण सांभाळायचं ते नावाने विचारा. मावश्या वर्षानुवर्षं तिथेच असतात आणि बाळ विसरत नाहीत. आमच्याकडे एकजणी निवृत्त होताना पन्नास-साठ मुलांच्या खाण्याच्या सवयी सांगू शकायची.

हे काम मुळांचा, म्हणजे जन्मदात्यांचा, शोध घेण्यापेक्षा वेगळं आहे. तो अधिकार तिला आहे; अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्याबरोबर. तुमच्या वतीने तिसऱ्या कुणाला तो करता येत नाही. जन्मदात्यांनी नको म्हटलं असेल तर त्यांची ओळख उघड करत नाहीत. आत्ता तुम्हाला फक्त संस्थेतले चौदा महिने हवेत, आणि ते मागायला काही अडचण येऊ नये.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. सिनेमात चेहरा कापला तो शोधण्यासाठी. आपल्याकडे ज्या बाळांच्या आईवडिलांचा पत्ता लागत नाही, त्यांचा फोटो आणि तपशील वर्तमानपत्रात छापावा लागतो, बाळ मिळाल्यावर लवकरच, कुणी नातेवाईक ओळखून पुढे यावं म्हणून. आईवडिलांनी स्वतः सोपवलेल्या बाळांचं तसं नसतं. त्यांना निर्णय बदलायला साठ दिवस मिळतात. तुमच्या लेकीचं कुठलं, ते इथे लिहू नका. पण पहिल्या प्रकारचं असेल तर फाइलमध्ये ते कात्रण असेल. ते हातात पडलं तर दाखवायची घाई करू नका. तो चेहरा शोधण्यासाठीच छापला होता, हे खरं. मात्र त्या जाहिरातीनंतर काय झालं, हेही ती त्याच दमात विचारेल. आधी तुम्ही दोघं ते वाचा. नीट रडून घ्या. मग ठरवा.

नाशिकची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय.

संस्थेतल्या ताईंनी पत्र मिळताच फोन केला. पाकिटात काय काय आलं ते सगळं इथे लिहीत नाही, ते चिऊचं आहे. ताई, तुम्ही म्हणालात तसं आम्ही दोघांनी आधी बघितलं, ती शाळेत असताना.

दोन फोटो मात्र सांगते. एकात ती पाच महिन्यांची, पिवळं लोकरीचं टोपडं, एका मावशींच्या मांडीवर. मावशींचा चेहरा वरच्या कडेला नाकापर्यंतच आलाय. दुसऱ्यात पाळण्यात, पायाचा अंगठा तोंडात. मागच्या बाजूला तारीख आणि 'आज पालथी पडली'.

त्याच्या आदल्या रविवारी आम्ही 'पॅडिंग्टन'चा दुसरा भाग पाहिला होता. बेल वाजली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. ती उठून उभीच राहिली होती.

फोटो तिच्या हातात दिले. पहिला फोटो तिने खूप वेळ धरला. मग विचारलं, "हिचे डोळे कुणी कापले?" मी म्हटलं, कापले नाहीत गं, फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष तुझ्याकडे होतं, म्हणून मावशींचे डोळे फोटोबाहेर राहिले. तिने मान हलवली. "लूसीमावशी आहे ना ही?"

त्या अजून तिथेच काम करतात. काल त्यांच्याशी फोनवर बोललो. त्यांनी पहिलं विचारलं, की अजून डाव्या कुशीवरच झोपते का. हो, डाव्याच. चिऊने फोन ओढून घेतला आणि सांगितलं, की झबल्यावरचा डाग गेला नाहीये.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहोत. मावशींना काय न्यायचं, ते चिऊ ठरवतेय. सध्या शेवया आघाडीवर आहेत. दोन्ही फोटो तिने स्वतःच आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवले, डिंक जास्त झाला, एक जरा वाकडा बसलाय. बाकीचं पाकीट माझ्या कपाटात आहे.